एकोणीस माणसं आणि एक कप्पा

माझ्या आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर मी बायकोच्या माहेरच्या स्टीलच्या ताटात ठेवून सुरू केला. टेबलावर तीन रेडिओ पोट उघडून पडलेले होते, खाटेवरची गादी मऊ, आणि अख्ख्या घरात सपाट, स्वच्छ, कोरडी अशी जागा म्हणून ते एक ताट तेवढं दिसलं. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा खोकाबिका काही नव्हता. वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी, वरून काळ्या चिप्स आणि खालून डाग दिलेली शेकडो टोकं. ही टोकं सगळी एकाच वेळी स्टीलला टेकली तर काय होईल, हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिकचा पगार घेणाऱ्या माणसाला आधी कळायला हवं होतं. मला बटण दाबल्यावर कळलं. चट् असा आवाज झाला, फ्यूज उडाला आणि घरभर जळका वास सुटला.

बायको आतून आली. ताटाला काळा डाग पडला होता. तिनं तो पदरानं पुसून पाहिला, मग राखेनं घासून पाहिला. ‘हे ताट माह्या मायनं देल्लं व्हतं,’ एवढंच म्हणाली आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पाटी मेली नाही. तिच्यावर सहा लाल आकडे उमटायचे, त्यातला डावीकडचा पहिला तेवढा कायमचा विझला. पण पहिले चार आकडे असायचे स्मृतीतल्या कप्प्याच्या पत्त्याचे, शेवटचे दोन त्या कप्प्यात ठेवलेल्या मजकुराचे, आणि त्या पहिल्या जागी तसंही शून्याशिवाय कधी काही आलं नसतं, एवढी तिची स्मृती लहान होती. आपण नेमकं बिनकामाचं तेवढंच जाळलं, याचा मला त्या काळी फार अभिमान वाटे. चहाच्या खोक्याच्या फळ्या कापून मी तिला घर केलं. तेव्हापासून बायको तिला ‘डब्बा’ म्हणते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीमला तेव्हा टीव्ही नव्हता, जिल्हाही नव्हता. आम्ही अकोल्यात मोडायचो. ही पाटी माझ्या मेव्हण्यानं परदेशातून आणली होती. त्यानं नवीन काहीतरी घेतलं, म्हणून जुनं मला दिलं, सोबत एक टेपरेकॉर्डर. वीज गेली की पाटी सगळं विसरायची, आणि वीज आमच्याकडे रोज जायची. मग टेपवर साठवलेलं पुन्हा पाटीत भरायचं. टेप लावली की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळायची, आणि मधे एक शब्द जरी चुकला तरी पुन्हा सुरुवातीपासून. शेजारी विचारायचे, ‘काय ऐकून राह्यले भाऊ?’ मी म्हणायचो, ‘हिशोब.’

आता माझ्या पोराच्या टेबलावर रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर आहे आणि त्यात माहितीचे तक्ते ठेवायचं मोठं सॉफ्टवेअर आहे. तो मला डिवचतो, ‘बाबा, तुमच्या डब्ब्यात आमच्या एका फोटोचं नाकबी मावत नाही.’ खरं आहे. तरी दसऱ्याला मी पान्हा, सोल्डरिंगची काडी आणि ती पाटी अशी तीनच हत्यारं पुजतो, आणि पूजा झाल्यावर एकदा सुरू करून पाहतो. पाच आकडे लागतात. समाधान होतं.

त्या सॉफ्टवेअरविषयी मात्र माझी मतं आहेत, आणि ती कोणी विचारत नसल्यामुळे इथं लिहितो. एक म्हणजे, ते सगळं अकारविल्हे लावतं. माझ्या पाटीत मी किन्हीराजा हे अख्खं गाव भरलं होतं, पण गल्लीच्या क्रमानं. एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात गेलं की शेजारचं घर यायचं. अकारविल्हे लावलं की शेजारी शेजारी राहत नाहीत, आणि मग ते गाव राहत नाही. दुसरं म्हणजे, रिकामा कप्पा आणि शून्य यांतला फरक यंत्राला कळला पाहिजे. ‘तिथं कोणी नाही’ आणि ‘तिथं कोण आहे ते मला माहीत नाही’ या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या पाटीला तो कळत नव्हता, हे प्रेम असूनही सांगतो. तिसरं मत मला किन्हीराजातच मिळालं, आणि ते माझ्यापेक्षा इतरांना महाग पडता पडता राहिलं.

किन्हीराजाला माझे मोठे बाबा राहायचे, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. त्यांच्या धाकट्या मुलीचं, माझ्या चुलत बहिणीचं, लग्न ठरलं. मोठ्या बाबांनी आयुष्यभर गावातल्या कितीतरी लग्नांची आवतनं तोंडपाठ केली होती. पण त्या हिवाळ्यात ते तापानं महिनाभर अंथरुणावर होते आणि उठले ते थोडे विसरभोळे होऊन. मी भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीवर डोळे मिटून बसलेले.

‘मोठे बाबा, बरं वाटत नाई का?’

त्यांनी डोळे उघडले. ‘झालं. आता पुन्ना पारापासून याव लागते मले.’

‘कुठून?’

‘पारापासून. मी डोये झाकून गावात फिरून राह्यलो होतो. एकेक घर येते डोयासमोर. मधात कोनी बोललं का सारं जाते.’

मला एकदम माझी टेप आठवली. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या जातीचं भेटल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, ‘मायाकडे एक यंत्र हाये. त्याचंबी असंच हाये. पन एक डाव भरलं का ते इसरत नाई.’ वीज असेपर्यंत, हे मी गाळलं.

‘त्याले लगनातलं समजते?’

‘आकडे समजतात.’

मोठ्या बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, ‘मंग मानसं नोको मोजू बावा. चूल मोज.’

आमच्याकडे आवतन माणसाला जात नाही, चुलीला जातं. घरटी एक माणूस बोलावला तर ते साधं आवतन. पण जवळच्या भाऊबंदांना देतात ते चुलबंद आवतन. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे लग्नघरी जेवतील, असा त्याचा अर्थ. दोन भाऊ एका चुलीवर जेवत असतील तर ते एक घर. ते वेगळे निघाले तर दोन आवतनं. वेगळे निघालेल्यांना एकच आवतन गेलं तर धाकट्याचा अपमान. आणि एकत्र असलेल्यांना दोन गेली तर... ते पुढं येईलच.

मी सायकल घेऊन दोन रविवार गाव फिरलो. प्रत्येक चुलीला एक कप्पा. कप्प्यात दोन आकडे मावायचे. पहिला आकडा आवतनाचा, एक म्हणजे चुलबंद, दोन म्हणजे घरटी एक. दुसरा आकडा माणसांचा, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज यावा. नवाच्या पुढं पाटीवर इंग्रजी अक्षरं यायची, ‘ए’ म्हणजे दहा, असं करत ‘एफ’ म्हणजे पंधरा. पंधराच्या पुढं एका आकड्यात काही मावत नव्हतं. आता एका चुलीवर पंधराच्यावर माणसं कुठं असतात, असं मी वाशीमच्या दोन खोल्यांत बसून ठरवलं होतं.

कडुनिंबाखालच्या घरी एकोणीस निघाली. हे घर माझ्या चुलत काकीचं. काका गेल्यावर दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, एक परत आलेली मुलगी आणि तिची लेकरं, असं सगळं तिनं एका चुलीवर धरून ठेवलं होतं. ‘हे घर माह्या डोयादेखत फुटू नये, बाकी मले काई मांगाचं नाई,’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दोन्ही सुनांचं फार पटत नाही, हे गावाला माहीत होतं, काकीला तर होतंच.

घरी येऊन मी पाटीपुढं बसलो आणि एकोणीसवर अडलो. दोन कप्पे जोडून एक घर करायचं तर सगळा प्रोग्राम फिरवावा लागला असता, आणि तो मी मोठ्या कष्टानं, एक कप्पा न सांडता बसवला होता. मी नखं खात बसलो. आणि मला आठवलं की काकीच्या अंगणात, न्हाणीच्या पलीकडे, तीन विटांची दुसरी चूल पेटलेली होती. धाकटी सून तिथं फुंकणी घेऊन बसली होती. दोन चुली! मनावरचा दगड उतरला. थोरल्याचे दहा एका कप्प्यात, धाकट्याचे नऊ पुढच्या. कसं सुबक बसलं. काकीला मी थोरल्याकडे टाकलं.

ती चूल मी पाहिली तो रविवार होता, आणि काकी माळकरी होती. म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, आणि घरातल्या चुलीवर मटण चढायचं नाही. आमच्या भागात अशा प्रत्येक घरात मटण अंगणात शिजतं, वेगळ्या विटांवर, वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात. मी स्वतः लहानपणी अशाच अंगणातल्या चुलीजवळ रस्सा शिजायची वाट पाहत बसलेला माणूस. त्या दिवशी तो वास माझ्या नाकात शिरलाही होता. पण एकोणीस जणांना पंधरात बसवायच्या नादात माझं नाक बंद पडलं.

याद्या करून मी मोठ्या बाबांना दिल्या. त्यांनी वाचून घेतल्या नाहीत. ‘मशीनीतून आल्या ना, मंग कायले पाहाच्या,’ म्हणाले. लिफाफ्यांवर नावं घातली, कोपऱ्यांना हळद लावली, आणि भाऊबंदांची आवतनं द्यायला मीच सायकलवर निघालो. काकीचा थोरला मला रस्त्यावरच पानठेल्याशी भेटला. त्याची पत्रिका त्याच्या हातात दिली. धाकट्याची बायको विहिरीवर होती. दुसरी पत्रिका तिच्या हाती दिली. ‘चुलबंद बरं का,’ असं दोघांनाही हसून सांगितलं. थोरला जरा चमकल्यासारखा वाटला. मला वाटलं, उन्हानं.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाची मंडळी रेल्वेनं जऊळक्याला उतरून ट्रकनं आली. भर दुपारी अक्षता पडल्या. पंगतीसाठी पाट मांडले, पत्रावळी टाकल्या, आणि भाऊबंद उभेच राहिले. निंबाखालचं घर आलं नव्हतं. एका चुलबंद घरातलं कोणी आलं नाही तर बाकीचे भाऊबंद पाटावर बसत नाहीत, आणि ते बसत नाहीत तोवर पाहुण्यांना वाढता येत नाही. मोठे बाबा खांद्यावरचा शेला सावरत दारात गेले, परत आले.

कोणीतरी म्हणालं, ‘ते कायले येतीन? त्याईले दोन पत्रिका गेल्या म्हने.’

‘दोन?’ मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. तापातून उठल्यापासून त्यांना आपल्याच डोक्याचा भरवसा नव्हता. ‘म्या सांगतलं व्हतं का तुले, ते वेगळे निघाले म्हून?’

‘नाई मोठे बाबा.’

‘मंग तूच जाय. घेऊन ये त्याईले.’

मी निघालो तशी बायको मागून आली. मी म्हटलं, तू कशाला? ती म्हणाली, ‘तुमी एकले गेले तं तिसरी चूल मांडून याल.’

काकी निंबाखाली खाटेवर बसली होती. दोन्ही पत्रिका तिच्यापुढं, एकीवर एक नाही, शेजारी शेजारी ठेवलेल्या. तिला वाचता येत नव्हतं, पण हळदीची बोटं मोजता येत होती. घरातून धूर येत होता, थोरली आत स्वयंपाक करत होती. आणि अंगणातल्या त्या तीन विटांवरही गंज चढलेला. मी जवळ गेलो. त्यात मटण नव्हतं. डाळ होती.

‘ये बाबू,’ काकी म्हणाली. ‘पाहून घे. तुया मशीनीनं दोन चुली सांगतल्या ना? हे घे दोन.’

‘काकी, चूक झाली.’

‘चूक कायची? लेकरायच्या मनात व्हतं ते मले नाई समजलं, तुया मशीनीले समजलं.’

धाकटी चुलीजवळूनच बोलली, खाली मान घालून. ‘म्या कोनाले काई सांगतलं नाई. सकायी जाऊबाईनं पीठ अन् डाळ मोजून देल्ली माह्या हातात. म्हने, घे तुह्या वाट्याचं.’

आतून थोरली दारात आली. ‘मंग काय करू? हिच्या नावाची वेगळी पत्रिका आली. हिनंच सांगतलं असन ना वाशीमच्या भाऊजीले, का आमाले येगळं धरा. म्या म्हटलं, घे वं बाई, तुह्या मनासारखं होऊ दे.’

‘म्या सांगतलं? मले वाटलं तुमीच माहं नाव कापलं.’

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात इतका स्पष्ट प्रश्न मला कोणी विचारला नाही.

मी सांगायला सुरुवात केली. कप्पा, दोन आकडे, नवानंतर ‘ए’, शेवटी ‘एफ’. कोणाला काही कळत नव्हतं; खरं तर सांगताना मलाही कळेना. बायकोनं मला मधेच तोडलं. ‘काकी, याईले कोनीच काई सांगतलं नाई. याईच्या डब्ब्यात पंधराच्यावर मानसं बसत नाईत. तुमी एकोनीस. म्हून याईनं घर अर्धं केलं. अन् हे मटनाची चूल पाहून दुसरी चूल समजले.’

धाकटीनं फुंकणी खाली ठेवली.

‘मटनाची चूल?’ काकी म्हणाली.

‘हाव.’

‘किती मोठा हाये रे तो डब्बा?’

मी दोन हातांनी दाखवला. खरा होता त्याच्यापेक्षा जरा मोठाच दाखवला.

‘एकोनीस मानसं मावत नाई त्यात?’

‘नाई काकी.’

‘माह्या घरात मावतात,’ काकी म्हणाली. मग दोन्ही सुनांकडे बघून, जरा हळू, ‘आतापावतर तं मावली.’

थोरली अंगणात उतरली. तिनं विटांवरचा गंज पदरानं धरून उचलला, डाळ अजून अर्धकच्ची होती, आणि आत नेऊन स्वतःच्या भांड्यात ओतली. धाकटी तिच्या मागून पिठाचं घमेलं घेऊन गेली. आत दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. भांडं झाकल्याचा आवाज तेवढा आला. पोरं नव्या कपड्यांत केव्हाची तयार होऊन निंबामागं उभी होती, ती पुढं आली.

‘आता चुलबंद म्हनतं ना,’ काकी मला म्हणाली, ‘तं बंद कर चूल. तूच पेटोली ते.’

मी तांब्याभर पाणी विटांमधल्या विस्तवावर ओतलं. एकदम ओतलं. वाफ आणि राख उसळून या लग्नासाठी शिवलेल्या माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली. पोरं हसली, मग काकीही. तिनं दोन्ही पत्रिका एकीवर एक ठेवून कमरेला खोचल्या आणि उठली. तशाच अवतारात मी पुढं आणि माझ्या मागं ती एकोणीस माणसं, असे आम्ही लग्नघरी पोचलो. मोठ्या बाबांनी दारात आम्हाला मोजलं नाही. काकीला बघून त्यांनी नुसता हात वर केला, आणि पंगत बसली.

ते घर पुढं काही वर्षांनी फुटलं. काकी गेल्यानंतर, रीतसर, वाटणी करून. आता तिथं खरोखर दोन आवतनं जातात आणि कोणाला वाईट वाटत नाही. पण त्या दोन पत्रिकांनी त्यांच्या मनात काही पेरलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. तो कप्पा मी शून्य न लिहिता रिकामा ठेवला आहे, आणि रिकामा म्हणजे रिकामाच. काकीच्या डोळ्यांदेखत ते झालं नाही, एवढं खरं. माझं तिसरं मत एवढंच आहे: घर कप्प्यात बसत नसेल तर कप्पा मोठा करावा. पोराचं सॉफ्टवेअर म्हणतं, आमचे कप्पे हवे तेवढे मोठे होतात. ते चांगलंच आहे. पण ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून एकच नाव टाक, असा हट्ट तेही धरतं, आणि काकीच्या घरी ते नाव कोणाचं टाकायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून सदऱ्यावरची राख झटकत होतो. मालेगाव मागं पडलं तेव्हा बायकोनं माझ्या पाठीवरची राहिलेली राख झटकली. मग म्हणाली, ‘आवो, त्या डब्ब्यात आपलंबी घर लिवलं का?’

‘लिवलं.’

‘किती?’

‘चूल एक. मानसं चार.’

तिनं मान हलवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर बघत म्हणाली, ‘एकच राहू द्या. पन तो डब्बा पुन्ना माह्या मायच्या ताटात दिसला ना, तं दुसरी लिवून ठेवजा.’